सुभानाचं नाव

“नाव कोणाचं ठेवलं?”

गल्लीत कुठेही बारसं झालं की मामांचा पहिला प्रश्न हाच. तुम्ही-आम्ही विचारतो, नाव काय ठेवलं? मामा विचारायचे, कोणाचं ठेवलं? त्यांच्या हिशेबी नाव कधी नवं नसायचंच. ते घरातल्या कोणा मेलेल्या माणसाचं असायचं आणि पोराला फक्त वापरायला मिळायचं. समोरची बाई कौतुकाने “आरुष” म्हणाली की मामा थोडं थांबायचे. हा आरुष कोण होता, कधी वारला, ते ती सांगेल म्हणून. ती काय सांगणार? मग “बरं बरं, ऱ्हाऊ द्या” म्हणून काठी टेकत निघायचे. बाई बिचारी माझ्याकडे बघायची, की यात माझं काय चुकलं?

मी वडवणीत शिलाईकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, आणि बारशाच्या कुंच्या-टोपडी. कुंचीसाठी कापड घेऊन कोणी आलं की गल्लीत सगळ्यात आधी बातमी मला लागते, आणि माझ्यानंतर लागायची मामांना. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. ते धनगर, सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बरीचशी मेंढरं विकली आणि बायकोला घेऊन गावात येऊन राहिले. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणते. मामांचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. ते असताना कधी नावाने हाक मारली नाही, आता गेल्यावर कशाला मारू?

माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची त्यांना सवय. बायका मापं द्यायला यायच्या आणि हा म्हातारा वाट अडवून बसलेला. मी खेकसायचे, मामा सरका, गिऱ्हाईक येतंय. ते बोटभर सरकायचे. उठायचं नाव नाही. एकदा एक जाडजूड बाई अडकली दारात, तर तिलाच म्हणाले, “ये की माय, लई जागा हाय.” ती रागावून गेली ती परत आली नाही. आता सांगा, अशा माणसावर चिडावं तर किती चिडावं?

त्यांच्या घरची रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आजा मेला की घरात होणाऱ्या पहिल्या नातवाला त्याचं नाव द्यायचं. तो नातू आजा झाला, मेला, की पुन्हा त्याच्या नातवाला तेच. एक पिढी सोडून एक पिढी. असं केलं की मेलेला माणूस घरात परत आला, असं ते धरतात. आणि नाव नाही दिलं, तर तो बाहेरच राहिला. मामांच्या वडिलांचं नाव सुभाना. ते आपल्या आज्याचं नाव घेऊन आलेले. मामांचा मुलगा जन्मला तेव्हा ते जिवंत होते, म्हणून नाव त्याला देता आलं नाही. आता मामांच्या मुलाला मुलगा झाला की तो सुभाना, यात कोणाला विचारायचं कारणच नव्हतं.

मामांना दोन मुली आणि एक मुलगा. मुलगा मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर कामाला होता. चांगला पोरगा. मला चिंचेचा कोळ आणून द्यायचा. लग्न ठरलं, माझ्याकडे नवरीच्या ब्लाउजांचं कापडसुद्धा आलं. आणि एका संध्याकाळी हायवे ओलांडताना ट्रकने त्याला उडवलं. संपलं. ते कापड मी तसंच घडी घालून परत केलं. त्याला कात्री लावली नव्हती, हे बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही.

मुलासाठी मामा सगळ्यांसमोर रडले. पण दुसरंही एक दुःख होतं, ते त्यांनी वर्ष होऊन गेल्यावर मला सांगितलं. मी मशीनवर होते, ते पायरीवर. रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, “बाप भाईर उभा हाय माय. त्याला आत यायला दारच न्हाई ऱ्हायलं.”

मी मशीन थांबवलं. मला वाटलं होतं, हे पोराबद्दल बोलतील.

मी आपली व्यवहारी बाई. म्हटलं, मुलींची मुलं आहेत ना, त्यातल्या एकाला द्या. मामांनी तेही करून बघितलं होतं. पण मुलींच्या सासरचेही आजे मेलेलेच होते आणि नावासाठी रांग लावून उभे होते. जावयांकडे माहेरच्या आज्याचा नंबर कुठून लागणार? धाकट्या मुलीने सासूला एकदा विचारलं, तर सासूने महिनाभर अबोला धरला. मग मुलगी बापाला म्हणाली, नाना, माझा संसार मोडू नका. त्यानंतर मामांनी तो विषय तिच्याकडे काढला नाही.

राहिली एकच वाट. त्यांच्या आज्याला एक भाऊ होता. कुठल्याशा दुष्काळात दोघा भावांनी मेंढरं निम्मी निम्मी केली, आणि तो भाऊ आपली निम्मी घेऊन परळीच्या अंगाला उतरला. तो परत आला नाही. पण जाताना थोरल्याला सांगून गेला होता म्हणे, की माझ्याही घरात आपल्या बापाचं नाव चालेल. म्हणजे तिकडेही एक पिढी सोडून एक सुभाना असणार. आपल्या घरात नाव थांबलं, तर निदान रक्तातल्या कोणाच्या घरात ते चालू असलेलं डोळ्यांनी बघावं, एवढंच मामांना मरायच्या आधी हवं होतं. तिकडे बाप आत गेलेला दिसला असता तरी त्यांना पुरे होतं.

तुम्ही म्हणाल, आडनावावरून शोधायचं. पण या लोकांच्यात आडनावाचा काही भरवसा नाही. माणूस गाव सोडून गेला की नव्या गावातले लोक त्याला वाट्टेल ते चिकटवतात. कोणी जुन्या गावावरून, कोणी त्याच्या काळ्या मेंढ्यावरून, कोणी नुसत्या त्याच्या उंचीवरून. दोन पिढ्यांत तेच आडनाव होऊन बसतं. एकाच रक्ताच्या दोन घरांची आडनावं वेगळी, आणि एका आडनावाच्या दोन घरांचा काडीचा संबंध नाही. धरून ठेवण्यासारखं होतं ते फक्त पाळण्यातलं नाव.

मग काय, मामा हिंडायला लागले. सवलतीच्या तिकिटावर एसटीने परळीकडे जायचं, उतरायचं, आणि वस्त्या-वस्त्यांवर विचारत फिरायचं. मामी भाकरी बांधून द्यायची आणि ते नजरेआड झाले की माझ्याकडे येऊन नुसती बसायची. ते परत आले की चेहऱ्यावरून कळायचं. पायरीवर बसून चपला झटकत म्हणायचे, “न्हाई लागलं.” धारूरकडून आले तरी तेच, अंबाजोगाईकडून आले तरी तेच.

एकदा मात्र हसत आले. परळीच्या पलीकडे एका माणसाने सुभाना हे नाव ऐकल्याबरोबर मिठीच मारली होती. म्हणाला, हाव, माझ्या आज्याचंच नाव, तुमी तर आमचे थोरले! मामांना त्याने जेवू घातलं, मुक्कामाला ठेवलं, दादा दादा म्हणून डोक्यावर घेतलं. मामांनी भरल्या मनाने त्याला एक जातिवंत मेंढा भेट दिला. तेव्हा त्यांची थोडी मेंढरं शिल्लक होती. पुढच्या खेपेला शेजारच्या वस्तीवर कळलं की त्याच्या आज्याचं नाव भलतंच होतं, आणि मेंढा तर त्याने केव्हाच विकला होता. मी त्या माणसाचा मनसोक्त उद्धार केला. मामा म्हणाले, “मेंढ्याचं जाऊ दे गं. तीन सांजा मला दादा म्हणला की त्यो.”

पण त्या दिवसापासून त्यांनी एक अक्कल लढवली. आपण होऊन नाव सांगायचंच नाही. आपण सुभाना म्हटलं की समोरचा हो म्हणणार. म्हणून नुसतं विचारायचं, तुमच्या घरातल्या आज्याचं नाव काय, सासऱ्याचं नाव काय? नाव त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे. मला हे त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. मलाही त्यात काही खोट दिसली नाही. मी मान डोलावली आणि हातातला हुक लावत बसले.

अशी काही वर्षं गेली. उरलेली मेंढरंही गेली, गुडघे पार गेले, फेऱ्या कमी झाल्या. मग एका दुपारी मामा नव्या सुनांच्या नावाने बोटं मोडत होते. निमित्त गल्लीतल्याच कोणा सुनेचं होतं. बोलता बोलता म्हणाले, सासऱ्याचं नावसुद्धा ठाऊक नसतं यांना. परळीजवळ रानात एकटंच एक घर होतं, दारातला लिंब थर्मलच्या चिमण्यांच्या राखेने पांढरा झालेला. घरात एक तरणी बाई आणि पाळण्यात पोर. बाप्ये मेंढरं घेऊन लांब गेलेले. तिला विचारलं, सासऱ्याचं नाव काय, तर पदर तोंडाला लावून हसली आणि पाणी घेऊन आली. पोराचं नाव विचारलं तर म्हणे, आम्ही बापू म्हणतो. घ्या! असल्या घरात काय नावं चालणार?

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

“मामा,” मी म्हटलं, “माझ्या थोरल्याला मी काय हाक मारते?”

“आण्णा.”

“शाळेत त्याचं नाव काय आहे?”

मामांना ते माहीत होतं. माझ्या सासऱ्यांचं नाव आहे ते. सासरे जाऊन किती वर्षं झाली, लाइटबिल अजून त्यांच्याच नावावर येतं, आणि वायरमनने नाव विचारलं की मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते. बाई सासऱ्याचं नाव घेईल का? आणि ते नाव आपल्याच पोराला असलं, तर पोरालाही ती बापू, आण्णा, आबा असंच काहीतरी म्हणणार. बाकी घरांत शेजारीपाजारी होते, बोलती पोरं होती, त्यांनी नावं सांगून टाकली. त्या एकट्या घरात कोण सांगणार होतं?

मामांनी भिंतीकडे तोंड करून मामीला हाक मारली, “आगं, तू माझ्या बापाचं नाव कधी घेतलंस का गं?”

पलीकडून मामीचा आवाज आला, “कावून घेईन?”

एवढी वर्षं एका चुलीवर जेवून त्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं. पुरुषांच्या येत नाही. ज्यांना नाव घ्यायला बंदी नाही, त्यांना बंदी दिसत नाही.

मी दुकान बंद ठेवलं आणि मामांबरोबर गेले. म्हटलं, बाईला बाईनेच विचारायला पाहिजे. परळीपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि मग बांधाबांधाने पायी. मामा गुडघे विसरले होते. मागून मी धापा टाकत चाललेली. ते घर तसंच होतं, लिंबावर राख तशीच. बाई आता तेवढी तरणी राहिली नव्हती, पण तिने मामांना लगेच ओळखलं. अंगणात सात-आठ वर्षांचा एक मुलगा टायर पळवत होता.

मी तिला बाजूला घेतलं. हळूच म्हटलं, बाई, तू नाव घेऊ नकोस, मी घेते, तू फक्त मान हलव. आणि मी नाव घेतलं.

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. अंगणातल्या पोराकडे बघितलं. त्याने ऐकलं नव्हतं. मग तिने आम्हा दोघांना आत नेलं आणि दार लोटून घेतलं.

मामा शोधत होते ते घर हेच होतं. सासऱ्याचं नाव तेच, आणि पाळण्यातल्या पोराला दिलेलं नावही तेच. पण बारसं झालं आणि पोराला तापाने धरलं ते सोडेना. झटके यायला लागले. परळीचे दवाखाने झाले, अंबाजोगाईला नेऊन झालं. तिची सासू म्हणाली, पोराला नाव झेपत नाही. थोरल्या आज्याचं अर्धं घर कुठे गेलं ते कोणाला ठाऊक नाही, म्हणून तो शांत नाही. त्या घरचं कोणी दारात येऊन जेवून गेलं तर नाव बसेल. पण त्यांना आणायचं कुठून? शेवटी पोराला उकिरड्यावर ठेवलं, पलीकडच्या वस्तीवरच्या बाईने उचललं, पसाभर जोंधळ्याला परत विकलं. दगडू म्हणून नवं नाव ठेवलं आणि देवापुढे शपथ घेतली, की जुनं नाव या पोराच्या कानावर पुन्हा पडणार नाही. त्यानंतर पोराला कधी साधी शिंकसुद्धा आली नाही.

मामांनी विचारलं, “मी आलतो तवा?”

“तवाच ताप होता आबा. सासूबाई अंगारा आणाया गेलत्या.”

तिने सांगून टाकलं आणि खाली बघत बसली. मला त्या वेळी तिचाही राग आला, मामांच्या त्या अकलेचाही आला, आणि ज्याने मेंढा लाटला त्याचा तर फारच आला. पण राग धरून करायचं काय? सगळ्यांनी आपापल्या जागी रीतीप्रमाणेच केलं होतं.

मामा म्हणाले, आता आलोय ना मी. आता जेवतो. आता ठेवा नाव परत.

बाईने त्यांचे पाय धरले. “आबा, दुसरं काहीबी मागा. हे नका मागू.”

मामांनी दाराकडे बघितलं. दार किलकिलं होतं, त्यातून पोरगा दिसत होता. टायर पडला की उचलायचा, पुन्हा पळवायचा. चांगला गुटगुटीत. मामांनी बाईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वाढ मला. पिठलं-भाकरी होती. एक घास गेला की पाणी, एक घास गेला की पाणी, असं करत त्यांनी ताट संपवलं. दिवस कलला तसा तिचा नवरा मेंढरं घेऊन आला. त्याने मामांना वाकून नमस्कार केला. बोलायची ढब, मान तिरकी करायची खोड, अगदी मामांसारखी. ओळख पटवायला दुसरं काही नकोच होतं. निघताना मामांनी पोराच्या गालाला हात लावला आणि दगडू म्हणूनच हाक मारली.

येताना एसटीत मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, माणसं सापडली हे काय कमी आहे? मामा खिडकीबाहेर बघत होते.

“सापडली नसती तर आजून हिंडलो असतो,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर मी कुंच्या शिवत राहिले, पण बारशाची चौकशी करायला मामा कधी आले नाहीत. पायरी मोकळी राहायला लागली. गिऱ्हाइकांची सोय झाली आणि मला मात्र दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मी एकदोनदा मुद्दाम हाक मारली, मामा, अमक्याच्या घरी मुलगा झाला. ते “बरं झालं” म्हणायचे. कोणाचं नाव ठेवलं हे विचारायचे नाहीत. मामी सांगायची की जेवण कमी झालंय. परळीकडची माणसं सणावाराला फोन करायची. मामा बोलायचे, पाऊसपाणी विचारायचे, मेंढरांचं विचारायचे, आणि पोराला फोन दिला की लगेच मामीच्या हातात द्यायचे. चुकून तोंडून काही निघेल, अशी भीती त्यांना वाटत होती. मला तरी तसं वाटलं.

हिवाळ्यात गेले. सकाळी मामीने चहासाठी उठवलं तर उठलेच नाहीत.

दहाव्याला नदीवर आम्ही सगळे होतो. दोन्ही मुली, जावई, गल्लीतली माणसं. विधीला मुलगा नाही म्हटल्यावर परळीकडचा तो दगडूचा बाप बसला; नात्याने मामांचा चुलतभाऊ, पण वयाने पुतण्याच. बायको आणि पोरगंही बरोबर होतं. म्हटलं, चला, पाणी द्यायला रक्ताचं कोणीतरी मिळालं. थंडी होती म्हणून पोरगं बापाच्या पाठीला चिकटून, त्याच्या गळ्यात हात टाकून उभं होतं.

गुरुजींनी मयताचं नाव विचारलं. पुतण्याने मामांचं नाव सांगितलं. मग गुरुजी म्हणाले, “मयताच्या वडिलांचं नाव?”

जावयांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी बायकोच्या आज्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. मुलींनी बापाच्या तोंडून ते नाव हजार वेळा ऐकलं होतं, पण परळीच्या पोराची हकीकत त्यांनाही ठाऊक होती. त्या खाली बघत राहिल्या. मामी माझ्या शेजारी होती. तिने पदराचं टोक दातात धरलं. मला ते नाव येत होतं. मी त्या पोराच्या आईकडे बघितलं, ती माझ्याकडेच बघत होती. मी गप्प बसले.

गुरुजींनी पुन्हा विचारलं.

पुतण्याच्या स्वतःच्या बापाचं तेच नाव. त्याने पाठीवरच्या पोराचा हात एकदा चाचपला.

“ठावं न्हाई,” तो म्हणाला.

“असू द्या, चालतं,” गुरुजी म्हणाले. मग त्यांनी बापाच्या वाटणीचं पाणी नावाशिवायच सोडायला सांगितलं, आणि त्याने ते सोडलं.